चाळीस माणसं हवीत

तोंगयोंग
१४ नोव्हेंबर २०१४

यून-सॉल,

खोका पोहोचला असेल. कालवं त्याच सकाळी फोडलेली आहेत. मिठाच्या पाण्यात धू, नळाखाली धरू नकोस. निम्मी किमचीत घाल. यंदाही तू कोबी आणून बसणार नाहीस, दुकानातली बरणी आणशील, हे मला ठाऊक आहे. तरी घाल.

फोनवर बोलायला गेलं की मला रडू येतं आणि तुला घाई असते, म्हणून पत्र लिहितेय. मोठ्या मामांच्या मयताला आपण तीन दिवस एकत्र होतो, तेव्हा तू तुझ्या नोकरीबद्दल सांगत होतीस. तुमच्या सरकारी केंद्रात म्हणे नवे शोध लावत नाहीत. लागलेले शोध पडून राहिलेले असतात, ते उचलून आजारी माणसापर्यंत लवकर पोहोचवायचे, एवढंच काम. मी म्हटलं, म्हणजे पोस्टमनचं. तू हसलीस, पण नाही म्हणाली नाहीस.

तर एक पार्सल अडकलंय का बघ.

आमच्या शेडमध्ये माझ्या शेजारी एक बाई कालवं फोडायला बसते. तिशीच्या आतली. चार वर्षांपूर्वी उंबऱ्याला अडखळायला लागली. पाऊल वर उचललंच जात नाही, पुढून लोंबतं. तिच्या चपला टाचेला कोऱ्या असतात आणि अंगठ्याशी भोक. चालताना गुडघा इतका वर घेते की पाण्यात उभी असल्यासारखी दिसते. आता उजव्या हाताची दोन बोटंही ऐकेनाशी झालीत. सोलला मोठ्या इस्पितळात पोटरीचा तुकडा काढून तपासला. रोगाचं नाव सांगितलं, ते डॉक्टरांनाही एका दमात म्हणता आलं नाही. औषध नाही म्हणाले. वर्षातून एकदा या, किती कमी झालं ते मोजू. ती म्हणाली, मोजायला घरी आई आहे.

रोगाचं नाव मागच्या बाजूला लिहिलंय, जसं कागदावर होतं तसं. बघशील का?

तुझी ताई,
जोंग-ए


चॉन्गजू
२ डिसेंबर २०१४

जोंग-ए ताई,

कालवं माझ्या टेबलाशेजारच्या सगळ्यांनी मिळून संपवली. किमचीत एकही गेलं नाही, हे आधीच कबूल करते.

नाव वाचलं आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा वाचलं. हे पार्सल खरंच अडकलेलं आहे आणि योगायोगाने माझ्याच कपाटात आहे. पोटाच्या विकारावर पूर्वी एक गोळी मिळायची. तिच्याहून चांगली गोळी आली आणि ही मागे पडली. बारा वर्षांपूर्वी एका प्राध्यापक बाईंनी ती याच रोगाच्या उंदरांना दिली, तर त्यांचे स्नायू झडायचे थांबले. त्यांनी निबंध छापला. पुढे त्या निवृत्त झाल्या, निबंध तिथेच राहिला. कोणत्याही कंपनीला यात रस नाही, कारण रोगी मूठभर.

गेल्या वर्षी आमच्या सहाव्या मजल्यावरच्या यंत्रात मी ती पुन्हा तपासली. ते यंत्र दिवसभर बोटाच्या पेराएवढ्या वाट्यांमध्ये औषधाचे थेंब टाकत असतं. चार हजार जुन्या औषधांमधून तेच एक वर आलं. गोळी माणसांना पूर्वी दिलेली आहे, म्हणून दहा वर्षांचं काम दोन-तीन वर्षांत होऊ शकतं. आमचं केंद्र त्यासाठीच आहे.

पण समितीने प्रस्ताव परत पाठवला. गोळी काम करते की नाही हे ठरवायला निदान चाळीस रोगी हवेत. देशभरातल्या इस्पितळांच्या नोंदींत एकोणीस आहेत. एप्रिलच्या वीस तारखेला समिती पुन्हा बसेल. तोवर आकडा तोच राहिला तर प्रस्ताव यादीतून जाईल.

आता एक विचारते, रागावू नकोस. शेजारच्या फळीवरच्या बाईच्या चपलेला कुठे भोक पडलं, कोणतं बोट कधीपासून ऐकत नाही, हे कोणी इतकं लक्षात ठेवत नाही. ती बाई तू आहेस का? वय मुद्दाम कमी लिहिलंस का? तुझे हात कसे आहेत?

यून-सॉल


तोंगयोंग
११ डिसेंबर २०१४

यून-सॉल,

माझे हात ठणठणीत आहेत. काल सुरी घेऊन बसले ती दुपारच्या जेवणापर्यंत शेडमध्ये माझीच टोपली सगळ्यांत जड होती. वय कमी करायचं असतं तर मयताला आलेल्या लोकांसमोर केलं असतं.

तू शिकलीस पण शहाणी झाली नाहीस. चाळीस माणसं मिळत नाहीत म्हणजे काय? तुम्ही माणसं शोधतच नाही, कागद शोधता. ज्याला सोलपर्यंत जायला जमत नाही त्याचा कागद कुठून व्हायचा?

आपली आजी गोमसम बेटावरची. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मला तिथले बगळे आठवतात. पक्षी नव्हेत. गुडघा उंच उचलून चालणाऱ्यांना तिथे बगळे म्हणायचे. घाटावर दोन होते, मिठागराजवळ एक बाई होती. आम्ही पोरी मागून तसंच चालायचो आणि आजी काठी घेऊन धावायची. तेव्हा वाटायचं ती उगीच चिडते.

मामांच्या घरी घराण्याची वंशावळ आहे, जाड पाच खंड. मी ती मागून आणली आहे. उघडायला मन होत नाही, पण आणली आहे. रविवारी शेड बंद असते आणि बोट चालू असते.

ताई


चॉन्गजू
५ जानेवारी २०१५

ताई,

तुझं पत्र मी माझ्या वरिष्ठांना वाचून दाखवलं. 'कागद शोधता' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

तू जाशीलच, मी नको म्हटलं तरी. म्हणून चार गोष्टी नीट ऐक. कोणाचं नाव मला कळवायचं नाही. ज्याला यायचं असेल त्याने स्वतः इस्पितळात येऊन रक्त द्यायचं. केंद्राची गाडी तोंगयोंगच्या धक्क्यावर येईल, तशी परवानगी मी काढली आहे. सोबत छापील पत्रकं पाठवली आहेत, तीच द्यायची, स्वतःचं काही जोडायचं नाही. आणि औषध मिळालं असं कोणालाही म्हणायचं नाही. अभ्यास आहे म्हणायचं. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा होतो असं नाही, आणि खोटी आशा लावली तर ते लोक पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाहीत.

वंशावळ उघडायला तुझं मन का होत नाही, ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

यून-सॉल


तोंगयोंग
९ मार्च २०१५

यून-सॉल,

दोन महिने लिहिलं नाही. आता सगळं एकदम लिहिते.

पहिल्या रविवारी वंशावळीत बघून पाच दारं ठोठावली. चार ठिकाणी चहा मिळाला आणि 'आमच्याकडे असं कोणी नाही' हे उत्तर मिळालं. पाचवं घर ऑम काकांचं. समुद्रशैवाल वाळवतात, सत्तरी उलटलेली. दाराबाहेर बायकांचे बूट होते, पुढून फाटलेले. मी म्हटलं, "काका, हे कोणाचे?"

"बायकोचे."

"काकी जाऊन सहा वर्षं झाली ना?"

त्यांनी बूट पायाने आत सरकवले. मग म्हणाले, "तुझ्या घरात कोण आहे?"

"कोणी नाही. मी आपली लोकांसाठी फिरतेय."

"मग पुढच्या बेटावर फीर," म्हणाले आणि दार लावलं.

दुसऱ्या रविवारी तर मी धक्क्यावर उतरले तशी दारं लागत गेली. त्यांचंही चूक नाही. एका घरात एक बगळा आहे हे कळलं तर त्या घरातल्या धाकट्यांची लग्नं मोडतात. म्हणून त्यांनी माणसं आतल्या खोलीत ठेवली, आणि मी माझं माणूस घरी ठेवून त्यांना दार उघडायला सांगत होते.

शेडमध्ये तशी कोणी बाई नाही, यून-सॉल. ती माझी सो-दाम आहे. तिनेच मला शपथ घातली होती की नातेवाइकांत सांगायचं नाही. शिंपल्याच्या नक्षीच्या कारखान्यात तिच्याइतकी बारीक करवत कोणी चालवत नाही, आणि हात जातोय हे कळलं तर सगळे तिच्या कामाकडे न बघता बोटांकडे बघतील, असं ती म्हणायची. मीही गप्प राहिले, कारण मला दुसरीच लाज होती. सोलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच होतं. माझी आई, म्हणजे तुझी मावशी, गोमसमची मुलगी, आणि माझे सासरेही मूळचे गोमसमचे. वंशावळीत दोन्ही रेघा एकाच घरात जाऊन मिळतात. ते पान मी बोटाने शोधून काढलं.

तिसऱ्या शनिवारी तिला माझ्या रबरी एप्रनच्या खिशात तुझी पत्रकं सापडली. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिने शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाली, "आई, तू माझ्या पायांबद्दल अख्ख्या बेटाला विचारत फिरतेस, आणि पाय घरी ठेवून जातेस."

रविवारी ती माझ्यासोबत आली. धक्क्यापासून गावसभागृहापर्यंत खडा चढ आहे. मी हात पुढे केला तर म्हणाली, मागे राहा. आणि चालायला लागली, गुडघे उचलत, जशी चालते तशी, काही न लपवता. खिडक्यांमागे माणसं उभी होती. अर्ध्यावर ती पडली. मी धावणार होते, पण तिने हात वर करून मला थांबवलं. गुडघ्यांवर तळवे टेकून, स्वतःलाच शिडीसारखी चढत ती उभी राहिली आणि पुढे निघाली.

ऑम काकांचं दार उघडलं. त्यांची मुलगी भिंत धरून बाहेर आली. चाळिशीची असेल. अकरा वर्षांत ती बाहेर दिसली नव्हती, असं नंतर कळलं. ती सो-दामच्या चालीकडे बघत होती.

"तुझ्या बोटांतही आलं?" तिने विचारलं.

"उजव्या. तुमच्या?"

"दोन्ही."

"मग पत्रक मी वाचून दाखवते," सो-दाम म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली.

त्यानंतर आम्हाला एकही दार ठोठावावं लागलं नाही. लोक सभागृहात आले. दोघांना खुर्चीत बसवून उचलून आणलं. काल तुमच्या गाडीने तीन फेऱ्या केल्या. नावं मी कळवत नाही, तू बजावलं आहेस. पण गाडीत चढणारी डोकी मोजायला कोणी मनाई केली नव्हती. सव्वीस भरली.

ताई


चॉन्गजू
२१ एप्रिल २०१५

ताई,

रक्ताचे अहवाल आले. बावीस जणांना तोच रोग आहे. एकोणीस आणि बावीस.

काल समितीपुढे आकडा ठेवला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं ही बावीस माणसं होती कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गोमसमला. आपल्यातलं कोणी तिकडे गेलं नव्हतं." मग हात वर झाले, सगळे. अभ्यास मंजूर झाला, ताई. गोळ्या आमच्याच तळमजल्यावर बनतील, ऑक्टोबरपासून देता येतील. प्राध्यापक बाईंना मी फोन केला. त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. "बघा, उशीर झाला, पण वाया नाही गेलं," एवढं म्हणून त्यांनी मला ताटकळत ठेवलं आणि बहुधा डोळे पुसून आल्या.

आता माझ्या बाजूची गोष्ट. ती बाई म्हणजे सो-दाम, माझी भाची, हे तुझ्या पत्रातून कळलं त्याच दिवशी मी ते केंद्राला लेखी कळवलं. तिच्याशी नातं असताना मी हा अभ्यास चालवू शकत नाही. काल शेवटचं बोलले आणि बैठकीनंतर कागदांवरून माझं नाव काढून घेतलं. पाच वर्षांचं काम दुसऱ्याच्या हातात देताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नातं लपवलं असतं तर उद्या कोणीही उठून सगळा अभ्यासच खोटा ठरवला असता.

म्हणून यापुढे मला त्याबद्दल काही कळणार नाही. एवढंच सांगून ठेवते: वर्षभर निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे यंत्र ठरवतं. डॉक्टरांनाही माहीत नसतं.

आणि त्या पानाबद्दल. ती रेघ माझ्याही आजीतून जाते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याच पाच खंडांमुळे बावीस माणसं सापडली.

यून-सॉल


तोंगयोंग
१७ ऑगस्ट २०१६

यून-सॉल,

दहा महिने झाले. ऑमची मुलगी काल शैवालाची परडी घेऊन धक्क्यापर्यंत चालत आली. मला बघून तिने परडी डोक्यावर घेऊन दाखवली. मी हसले, टाळ्या वाजवल्या, आणि बोटीत बसल्यावर माझी मला लाज वाटली, कारण माझ्या मनात आनंद नव्हता.

सो-दाम खाली चालली आहे. मागच्या आठवड्यात करवत हातातून सुटली. सुटली म्हणजे तिला कळलंही नाही की हातात नाही. तिला रिकामी गोळी मिळतेय, हे सांगायला यंत्र नको. तू आत बसलेली आहेस. कोणाला तरी विचार, एखादी फाइल उघड. तिनेच बेटाची दारं उघडली ना?

जोंग-ए


चॉन्गजू
२२ ऑगस्ट २०१६

ताई,

ती फाइल माझ्याकडे नाही. असती तरी मी उघडली नसती. एक फाइल उघडली की एकेचाळीस माणसांचं वर्ष फुकट जातं, ऑमच्या मुलीचंही.

सो-दामला थांबायचं असेल तर तिला पूर्ण हक्क आहे, कोणालाही न विचारता.

तू माझ्यावर रागाव. मी इथेच आहे.

यून-सॉल


तोंगयोंग
३० ऑक्टोबर २०१६

यून-सॉल मावशी,

हे पत्र आईला माहीत नाही. ती तुम्हाला लिहीत नाही, आणि दर रविवारी पोस्टाच्या पेटीत डोकावते.

तुमचं पत्र तिने मला वाचायला दिलं होतं, तुम्ही किती दगडाच्या आहात ते दाखवायला. मला ते आवडलं. मी थांबले नाही. शेवटची तपासणी काल झाली.

मी रोज एक वही लिहिते. दिवसात शिंपल्याच्या किती पट्ट्या न तुटता कापल्या, तो आकडा. गेल्या ऑक्टोबरात एकशे बारा होत्या, आता एकसष्ट आहेत. डॉक्टर म्हणाले, आमच्या यंत्रापेक्षा ही वही बारीक मोजते, आणि त्यांनी तिची नक्कल करून घेतली. कोणाला तरी रिकामी गोळी खावीच लागणार होती ना? ती माझ्याकडे आली असेल तर माझं घसरणंही नीट लिहिलेलं असू दे. निदान ते वाया जायचं नाही.

आईवर रागावू नका. तुमच्यासाठी कालवं बाजूला काढलीत तिने. पाठवत नाहीये, इतकंच.

सो-दाम


चॉन्गजू
१२ मे २०१७

ताई आणि सो-दाम,

कोणाला कोणती गोळी होती, त्याची बंद पाकिटं आज सकाळी उघडली. अभ्यास संपला म्हणून मलाही खोलीत बसू दिलं, मागच्या रांगेत.

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक वर्षभर खाली घसरत गेलेली. दुसरी सपाट, आणि शेवटच्या चार महिन्यांत किंचित वर गेलेली. सपाट रेघ खऱ्या गोळीची. सपाट रेघ इतकी सुंदर असू शकते हे मला ठाऊक नव्हतं. आकडेवाल्या बाईंनी तीन वेळा हिशेब तपासला होता, तरी चौथ्यांदा तपासला. मग तळमजल्यावर गोळ्या बनवणारेसुद्धा पांढऱ्या टोप्यांसकट वर आले आणि आमच्या त्या शांत इमारतीत लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

सो-दाम, तुझा अंदाज बरोबर होता. तू खालच्या रेघेत होतीस. त्या रेघेत तुम्ही वीस जण होतात, आणि वीसही जण शेवटपर्यंत टिकलात. ती रेघ तुम्ही काढलीत. ती नसती तर वरची रेघ सपाट आहे हे सिद्ध कशाच्या जोरावर करणार होतो? तुझ्या वहीचं पान पडद्यावर लावलं होतं, नाव न लावता. मी अक्षर ओळखलं.

सोमवारपासून सगळ्यांना खरी गोळी मिळेल. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. जाणं थांबेल, असं म्हणते. हे म्हणायची परवानगी आता आम्हाला आहे.

ताई, मी नऊ महिने रोज पोस्टाची पेटी उघडली.

यून-सॉल


तोंगयोंग
२० सप्टेंबर २०१८

यून-सॉल,

गेल्या वर्षी बोलणं फोनवर सुरू झालं तेव्हा मी रडले आणि तुलाही घाई नव्हती, म्हणून पत्रं राहून गेली. पण परवाचं फोनवर सांगण्यासारखं नाही. ते लिहूनच कळवायचं होतं.

सरकारने गोळी मंजूर केल्याचं तू सांगितलंस. पण मंजूर म्हणजे काय, ते मला परवा दिसलं. आपल्या इथल्याच इस्पितळात, खालच्या मजल्यावर, औषधांच्या खिडकीशी. सोलला जायला नको, तुमची गाडी यायला नको, तपासणीच्या सह्या नकोत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, मोतीबिंदूवाल्यांना देतात तशी.

मी आणि सो-दाम नंबर घेऊन बाकावर बसलो. पट्ट्यांचा आकडा तू विचारतेस म्हणून लिहिते: एकसष्टवरून चौऱ्याऐंशी. आता त्याच्या वर जात नाही, पण खालीही येत नाही. कारखान्यात आता तिच्या हाताखाली दोन मुली शिकतात. त्यांना ती इतकी ओरडते की त्या तिच्या बोटांकडे बघतच नाहीत.

मला वाटलं होतं, खिडकीतून काहीतरी खास घडेल. निदान ती मुलगी मान वर करून बघेल. सो-दामचा नंबर आला. मुलीने कागदी पिशवी पुढे सरकवली आणि दर वेळी म्हणतात तसंच म्हणाली, "दिवसातून दोनदा, जेवल्यावर. पाणी भरपूर प्या."

सो-दाम म्हणाली, "बरं."

एवढंच. जगात नसलेलं औषध, आणि ते असं मिळालं, खोकल्याच्या बाटलीसारखं. मी मुलीला म्हटलं, "बाळ, ही पिशवी किती लांबून आलीय तुला माहीत आहे का?"

ती म्हणाली, "मावशी, जरा बाजूला व्हाल का? मागे लोक आहेत."

मी मागे वळले. सकाळच्या बोटीने आलेले होते. ऑम काका, त्यांची मुलगी, मिठागराकडचे दोघं भाऊ, खुर्चीत बसवून आणलेली ती म्हातारी, आणखी कितीतरी. बाकं भरून भिंतीशीही उभे होते. कोणी तोंड लपवलं नव्हतं.

"पुढचा नंबर," मुलगी म्हणाली.

ऑमची मुलगी उठली आणि गुडघा उंच उचलत, सगळ्यांच्या देखत, खिडकीकडे चालत गेली.

ताई